आपोआप म्हणजे कोण

मी रॅम बोलतोय. संगणकाचं झाकण उघडलं की आत खाचेत उभी केलेली एक हिरवी पट्टी दिसते. दोन बोटं रुंद, वीतभराहून कमी लांब, अंगावर काळ्या चौकोनी चिपा. तो मी. संगणकाला काम करताना जे जे लक्षात ठेवावं लागतं, ते तो माझ्याकडे ठेवतो. ओझं माझं, नाव प्रोसेसरचं.

माझं शिक्षण फार नाही. शून्य आणि एक, एवढे दोनच आकडे मला शिकवले. तेवढ्यावर मी आयुष्य काढलं. उरलेले आठ आकडे शिकलेली माणसं मी पुढे जवळून पाहिली. मला त्यांचा हेवा वाटला नाही.

वीज गेली की रॅम सगळं विसरतो, असं पुस्तकात लिहिलंय. लिहिणाऱ्याने मला विचारलं नव्हतं. कामाचं मी विसरतो, हे खरं. अपमान लक्षात राहतात. म्हातारपणी सगळ्यांचं असंच होतं.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली असायची, कारण धुळीचा एक कण माझ्यावर पडलेला चालत नसे. इतक्या लाडात वाढवून मला पाठवलं कुठे, तर एका घरातल्या जेवायच्या टेबलावर, बिस्किटांच्या चुऱ्यात.

त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. कोणी कोपर टेकलं की टेबल डुगडुगायचं. दोन इंजिनिअर त्या टेबलावर बसून जगाची यंत्रं सुधारत होते. पाय कोणी सुधारला नाही.

ते दोघं भावंडं. थोरली ताई आणि धाकटा छोट्या. छोट्या दारातून वाकून आत यायचा आणि त्याचं कपाळ दर वर्षी थोडं मागे सरकत होतं, तरी घरात तो छोट्याच. तिसरी त्यांची आई. ती स्वयंपाकघरात असायची आणि तिथून सगळं ऐकायची.

भावंडांना एका हॉस्पिटलचं काम मिळालं होतं. हृदयाच्या वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवरून तारा आणायच्या आणि सगळ्यांचे ठोके सिस्टरांच्या टेबलावर एकाच स्क्रीनवर दाखवायचे. ठोका बिघडला की बेल वाजली पाहिजे. त्यासाठीचा प्रोग्राम ताई लिहीत होती, आणि ज्या संगणकावर लिहीत होती त्यात मी होतो.

आता माझं काम सांगतो. पेशंट आला की प्रोग्राम माझ्याकडे एक खण मागतो. त्या खणात पेशंटचं गाठोडं ठेवतो: नाव, खाट, ठोके, आणि ठोका चुकला तर काय करायचं ते. या गाठोड्याला हे लोक ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. म्हणजे वस्तू. आजारी माणसाला वस्तू म्हणायची कल्पना आधी हॉस्पिटलला सुचली की प्रोग्रामवाल्यांना, ते मला ठाऊक नाही.

पेशंट घरी गेला की खण रिकामा व्हायला हवा. माझे खण काही अमाप नाहीत. आता तो रिकामा कोणी करायचा, यावरून त्या घरात जेवढं भांडण झालं तेवढं जमिनीच्या बांधावरूनही होत नसेल.

ताईचं म्हणणं साधं होतं. ज्याने घेतलं त्यानेच परत ठेवायचं. आपल्या हाताने, आठवणीने. ती घरीही तशीच होती. चहा संपायच्या आत कप धुऊन पालथा. छोट्याचा कप मात्र जिथे चहा संपला तिथेच राहायचा. खिडकीत, टीव्हीवर, एकदा तर माझ्या संगणकाच्या डोक्यावर.

“ताई, हाताने मेमरी कोण सोडतं आता?” छोट्या विचारायचा.

“मी.”

“जग पुढे गेलं गं.”

“जाऊ दे. जाताना कप घेऊन गेलं असतं तर बरं झालं असतं.”

“नव्या भाषांमध्ये आपोआप होतं सगळं. तू फक्त घ्यायचं. नको असलेलं शोधून उचलायला आत एक झाडूवाला असतो. आपण बघायचंसुद्धा नाही.”

“आणि तुझे कप?”

“तेही आपोआपच जातात की. संध्याकाळी बघ, एक नसतो.”

“आपोआप म्हणजे कोण रे?”

स्वयंपाकघरातून आवाज आला. “आपोआप भांडी घासतेय. काही हवंय का कोणाला?”

छोट्याने अजून एक चहा सांगितला. लाज हा प्रकार त्याच्या भाषेतही आपोआप होत असावा. माझ्या पाहण्यात आला नाही.

प्रोग्राम तयार झाला. मला संगणकासकट वॉर्डात नेऊन सिस्टरांच्या टेबलाखाली ठेवलं. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या मालकीणच. डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर खाटेवर बसत नसत. त्यांनी मला पायाने थोडं आत सरकवलं आणि म्हणाल्या, “बघू किती दिवस टिकतंय.” नव्या सुनेचं स्वागत याहून बरं होतं.

ताईचा प्रोग्राम चांगला चालला. बराच काळ. मग एक दिवस ताईला ताईपणा नडला.

खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपी होता. तो बरा होऊन सकाळी घरी गेला. प्रोग्रामने त्याचा खण लगेच रिकामा केला. लगेच म्हणजे जरा जास्तच लगेच. बेलकडे त्या खणाच्या पत्त्याची चिठ्ठी अजून होती: ‘या खणातला ठोका बिघडला तर खिडकीजवळ धावा.’ ती चिठ्ठी आधी काढून घ्यायची आणि मग खण रिकामा करायचा, हा क्रम. ताईने उलटा लिहिला होता. उचलायची घाई.

रिकामा खण मी पुढच्या पेशंटला दिला. मला काय, मागेल त्याला द्यायचं. तो होता एक बस ड्रायव्हर, दाराजवळच्या खाटेवर. दुपारी त्याचे ठोके भरकटले. बेल वाजली. सिस्टर धावल्या, त्या खिडकीजवळ. तिथे नुकती बदललेली चादर होती. दोघीजणी त्या चादरीकडे बघत उभ्या. दाराजवळून ड्रायव्हर कसाबसा म्हणाला, “अहो, मी इकडे मरतोय.”

मेला नाही. पण मोठ्या सिस्टरांनी ताईला बोलावून घेतलं.

“ताई, तुमचं मशीन गाद्या वाचवायला निघालंय.”

ताई तिथेच खुर्ची ओढून बसली आणि चूक सापडेपर्यंत उठली नाही. दोन ओळी वरखाली केल्या. संपलं. पण तिच्या तोंडावरचा रंग परत यायला वेळ लागला. छोट्याही आला होता. तो हळूच म्हणाला, “घरीसुद्धा तू माझा अर्धा भरलेला कप उचलतेस.” हे मात्र खरं होतं.

त्या दिवसापासून मोठ्या सिस्टरांनी एक रिवाज पाडला. सकाळी वॉर्डाची फरशी पुसून झाली की संगणक बंद करायचा आणि परत चालू करायचा. कोणी कारण विचारलं तर सांगायच्या, “माझा घरचा टीव्ही असाच सरळ होतो.” म्हणजे रोज सकाळी फरशीबरोबर माझंही डोकं पुसून कोरं व्हायचं. मला कोणी विचारलं नाही. फरशीलाही विचारत नव्हते.

हॉस्पिटलच्या मॅनेजरने ठरवलं की आता माणसाच्या आठवणीवर भरवसा नको. छोट्याचं नशीब उघडलं. त्याने सगळा प्रोग्राम नव्या भाषेत लिहिला आणि माझ्या खणांमध्ये झाडूवाला आला.

या झाडूवाल्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. प्रामाणिक होता. त्याची पद्धत अशी की आधी ओरडायचं, “सगळे थांबा.” मग प्रोग्रामने जिथल्या तिथे थिजून उभं राहायचं. तो दारापासून निघायचा. कोणी कोणाचा हात धरलाय हे बघत एकेका खणापर्यंत पोचायचा. ज्याचा हात कोणीतरी धरलाय, तो कामाचा. ज्याचा कोणीच धरला नाही, तो कचरा. माणसांत हा नियम बोलून दाखवत नाहीत. तो स्पष्ट बोलायचा, एवढाच फरक. झाडून झालं की म्हणायचा, “चला,” आणि काम पुढे सुरू. सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

ताईने छोट्याचा प्रोग्राम वाचला. वाचताना तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

“छोट्या, पेशंट आला की तू त्याचा हात बेलच्या हातात देतोस.”

“हो. बेलला कळायला नको?”

“पेशंट घरी गेला की तो हात कोण सोडवतं?”

“ते आपोआप होतं, ताई.”

“झाडूवाला धरलेला हात सोडवत नाही. सुटलेला असला तर उचलतो.”

“तू ना, त्या गादीच्या प्रकरणापासून फार घाबरतेस.”

ताईने बोट त्या ओळीवरून काढलं. जिचं मशीन गादीला वाचवायला धावलं, ती भांडणार कोणत्या तोंडाने? मी सगळं ऐकत होतो. माझ्याकडे उत्तर होतं, तोंड नव्हतं.

पण काही बिघडलं नाही. कसं बिघडेल? दिवसभरात जे पेशंट घरी जायचे त्यांचे खण बेल धरून ठेवायची, आणि दुसऱ्या सकाळी मोठ्या सिस्टर बटण दाबून सगळ्यांचे हात एकदम सोडवायच्या. आपोआप म्हणजे इथे मोठ्या सिस्टर होत्या. छोट्याला वाटत होतं झाडूवाला. सिस्टरांना वाटत होतं त्या टीव्ही दुरुस्त करताहेत. आणि प्रोग्राम उत्तम चालल्याबद्दल मॅनेजरने छोट्याचा हात हातात घेऊन हलवला. तो त्याने वेळेवर सोडला.

आता माणूस शहाणा असला की काय करतो ते ऐका. एका सकाळी छोट्या वॉर्डात आला तेव्हा संगणक बंद होऊन चालू होत होता.

“सिस्टर, हे कशाला करता?”

“रोज करते.”

“चालू होईपर्यंत स्क्रीन काळी असते. तेवढ्यात कोणाला काही झालं तर?”

प्रश्न बरोबर होता, हे मलाही मान्य करावं लागतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “तेवढा वेळ मी स्वतः उभी असते.”

“पण गरजच नाही आता. नवा प्रोग्राम स्वतःची साफसफाई स्वतः करतो.”

“आपोआप?”

“आपोआप.”

“माझा नवरापण असंच म्हणतो,” सिस्टर म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बटण दाबणं सोडलं. साहेब माणूस सांगतोय, तर असेल खरं.

आणि मी भरू लागलो.

बरे होऊन गेलेले लोक माझ्यात मुक्काम ठोकून होते. कोणी केव्हाच दुकान उघडून बसला होता, कोणी नातवाला शाळेत सोडत होता. माझ्याकडे मात्र सगळे अजून खाटेवर. बेलने घट्ट धरलेले. झाडूवाला यायचा, ओरडायचा, सगळ्यांना थांबवायचा, एकेकाचा हात तपासायचा आणि रिकाम्या हाताने जायचा. जागा कमी पडली की परत बोलावणं. त्याच्या फेऱ्या वाढल्या. तो थकला, मी कोंडलो. स्क्रीन मधूनच क्षणभर थबकायची. कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात भावंडांची आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. हृदयाचे ठोके मधेच गळत होते. तिला याच वॉर्डात आणलं, सिस्टरांच्या टेबलासमोरच्याच खाटेवर. मी तिला एक खण दिला. कसा दिला ते माझं मला माहीत.

ताई खाटेशी बसून राहिली. छोट्या घरून थर्मास घेऊन आला.

“घरी काय चाललंय?” आईने विचारलं.

“काही नाही. सगळं ठीक.”

“कप?”

“आहेत.”

“सगळे?”

“जरा साठलेत,” छोट्या म्हणाला. “आता दही खायच्या वाटीत चहा घेतो.”

आई हसली. तिचा श्वास पुरत नव्हता तरी हसली. छोट्याने तिला समोरची स्क्रीन दाखवली. “तो बघ, तिसरी रेघ तुझी. तू निवांत झोप. तुझ्यावर माझा प्रोग्राम लक्ष ठेवतोय.”

“मग मला जागंच राहायला हवं.”

ताईने तोंड फिरवून हसू गिळलं. मग आईचा डोळा लागला. दुपारची वेळ. वॉर्डात जेवणाची ताटं परत जात होती. एका बाजूला दोन सिस्टर औषधांचे ट्रे लावत होत्या आणि बेलवर विसंबून होत्या. विसंबायलाच तर ती लावली होती.

तेवढ्यात माझ्यातली शेवटची मोकळी जागा संपली. झाडूवाला ओरडला, “सगळे थांबा.” सगळं थांबलं. स्क्रीनवर आईची रेघ होती तिथे थांबली, छान उंच ठोक्यावर. झाडूवाला दारापासून निघाला. हात बघत गेला. काही मिळालं नाही. परत दारापासून निघाला. काही मिळालं नाही. परत निघाला. बेलला वाजायचं असतं तरी ती वाजू शकत नव्हती. तिलाही थांबा सांगितलं होतं. आईचा जो ठोका आत्ता पडायला हवा होता आणि पडत नव्हता, त्याची खबर तारेतून येऊन माझ्या दाराशी उभी होती, आणि आत जागा नव्हती. आत एक वाणी होता, जो केव्हाच घरी जाऊन आपल्या दुकानात साखर तोलत होता.

छोट्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, “बघ ताई, झोपल्यावर किती छान चाललंय आईचं.”

ताईने स्क्रीनकडे पाहिलं. मग आईकडे. आईचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. ताईने मनगट धरलं.

“छोट्या, रेघ हलत नाहीये.”

“हलेल आत्ता. झाडतोय तो.”

“कधीपासून झाडतोय?”

छोट्या स्क्रीनजवळ गेला. त्याने पाहिलं की स्क्रीनवरच्या सगळ्या खाटांच्या रेघा एकदमच उभ्या आहेत. आणि त्याला कळलं. ते मी त्याच्या पावलांवरून ओळखलं. तो ताईच्याही आधी धावला आणि मोठ्या सिस्टरांना हाताला धरून घेऊन आला. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. खाट सपाट केली, आईच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले आणि दाबायला लागल्या. डॉक्टर आले. पडदा ओढला. भावंडं बाहेर.

पडद्याआड जाताजाता मोठ्या सिस्टर एका सिस्टरला म्हणाल्या, “ते डबडं आधी बंद कर. मग चालू कर. आणि तोवर सगळ्याजणी खाटांशी उभ्या राहा.”

मी कोरा झालो. परत चालू झालो. माझ्यात पहिली आली ती तिसरी रेघ. वाकडीतिकडी, पण आली. मी पुष्कळ ठोके सांभाळलेत. तो एक मी कुठल्याच खणात ठेवला नाही, तरी तो माझ्यातून गेलेला नाही.

आई वाचली. तिच्या छातीत आता ठोके चुकू न देणारं एक छोटं यंत्र बसवलंय. छोट्याने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, “त्यातला प्रोग्राम कोणी लिहिलाय?” दुसऱ्यांनी, असं कळल्यावर त्याला हायसं वाटलं.

त्या संध्याकाळी दोघं सिस्टरांच्या टेबलाशी, माझ्या डोक्यावरच, बसले होते.

“बोल,” छोट्या म्हणाला.

“काय बोलू? माझ्या हातून तो ड्रायव्हर जात होता.”

“झाडूवाल्याची चूक नाही, ताई. मी हात सोडवला नाही. तू सांगितलं होतंस.”

“मग आता सोडव.”

एक ओळ होती. पेशंट घरी गेला की बेलने त्याचा हात सोडायचा. छोट्याने ती लिहिली. ताईने वाचली, दोनदा. हाताने परत ठेवणं की आपोआप, हा वाद तिथेच मिटला, कारण कोणालाच जिंकायचं नव्हतं. हातानेवाल्याने घाई करू नये, आपोआपवाल्याने हात सोडायला विसरू नये. एवढं कळायला त्यांना आईला खाटेवर बघावं लागलं. शिकलेली माणसं, वेळ लागणारच.

हॉस्पिटलने या प्रकरणाची गंभीर दखल घेतली. मॅनेजरने चौकशी केली आणि गुन्हेगार शोधून काढला. मी. ‘मेमरी कमी पडली.’ माझ्या जागी माझ्या चौपट मोठा रॅम बसवायचा हुकूम निघाला. घरात पसारा झाला की मोठं घर घ्यायचं, ही माणसांची जुनी रीत. छोट्या सांगत होता की ती एक ओळ पुरेशी आहे. मॅनेजर म्हणाले, ओळ दिसत नाही, रॅम दिसतो. मोठ्या सिस्टरांनी कोणाशीच वाद घातला नाही. दुसऱ्या सकाळपासून फरशी पुसून झाली की बटण दाबायला लागल्या, स्वतः शेजारी उभं राहून.

मला खाचेतून उपटून छोट्याने खिशात टाकलं. घरी आल्यावर त्याच जेवायच्या टेबलावर ठेवलं. आई घरी आली होती. डॉक्टरांनी तिला वाकायला, उचलायला बंदी केली होती. टेबलावर घरातले सगळे कप होते आणि कपांच्या मधे मी.

“हे काय आणलंस?” आईने विचारलं.

“जुना रॅम. कचरा आता. टाकून देतो.”

आईने मला उचलून बोटांनी चाचपलं. “पक्का आहे की,” ती म्हणाली. मला इतक्या वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं. मग तिने छोट्याला टेबल उचलायला लावलं, ताईला खाली वाकायला लावलं, आणि मला त्या आखूड पायाखाली सरकवलं. कोपर टेकून पाहिलं. टेबल हललं नाही.

तिथेच मी आहे. माझ्याकडे आता कोणी काही लक्षात ठेवायला देत नाही. माझ्या डोक्यावर ताई आणि छोट्या भांडतात, आई खुर्चीत बसून ऐकते. काल छोट्या चहा पिऊन उठला, दारापर्यंत गेला, थांबला, आणि परत येऊन स्वतःचा कप उचलून गेला. धुतला नाही, नळाखाली नुसता ठेवला. आईने ताईकडे बघितलं. ताईने तो धुवायला घेतला नाही. ती आपला चहा पीत राहिली. मग आतून नळाचा आवाज आला. भांडी घासायची सवय नसलेल्या हाताचा आवाज वेगळा असतो. खूप पाणी आणि जास्तच खडखडाट.

माझं एवढंच मागणं आहे. उद्या या घरात कोणी नीटनेटकं माणूस आलं, खाली वाकलं आणि ही जुनी पट्टी कशाला पडलीय म्हणून मला ओढायला लागलं, तर आधी वर बघा. टेबल माझ्यावर उभं आहे. आणि त्यावर कोणाचातरी कप असेल, अर्धा भरलेला.